रमीबायचा दोर

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, कधीच नव्हता. मी पाण्याचा माणूस! सरकारी नोकरीत भूजल शास्त्रज्ञ म्हणून जमिनीखाली काय आहे ते यंत्राने शोधायचो आणि नारळ घेऊन पाणी दाखवणाऱ्यांना मनसोक्त हसायचो. तरीही हे सांगतोय... हसायची पाळी आता तुमची.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. पोस्टिंग डहाणूला. तलासरीकडच्या पाड्यांवरच्या काही विहिरी आमच्या निरीक्षणात होत्या. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे – वर्षातून चार वेळा टेप सोडून पाणी किती खोल आहे ते नोंदवायचं. आता खरं सांगतो, एका विहिरीवर मी वर्षभर फिरकलोच नाही. अच्छाडच्या पुढे जीप सोडून तासभर चालायचं, कोण जाणार? बोर्डीच्या किनाऱ्यावर चिकू खात मी चारही आकडे भरले. मेचा आकडा तर ८.१२ मीटर. का? आमचं लग्न आठ डिसेंबरचं!

त्याच सुमारास मी ऑस्ट्रेलियात स्थायिक व्हायचा अर्ज भरला. वय, इंग्रजी, शिक्षण, सगळ्याचे पॉइंट्स जमले होते. अडलं होतं अनुभवाच्या पत्रावर आणि त्यावर मोठ्या साहेबांची सही हवी होती. साहेब महासंशयी.

"एका विहिरीवर तुझ्याबरोबर येतो," ते म्हणाले. "मग सही." आणि रजिस्टर उघडून बोट ठेवलं... नेमकं त्याच विहिरीवर!

जूनचा पहिला आठवडा, पाऊस अजून नव्हता. वाटभर मी स्वतःला समजावत होतो – आजचं पाणी मोजतील, मागचं कोण मोजणार?

विहिरीवर रमीबाय पाणी ओढत होती. पन्नाशीची, ठसठशीत बाई. साहेबांनी सहज विचारलं, "बाई, होळीला पाणी कुठवर होतं?"

"थांबा, दावते." ती घरातून एक जुना दोर घेऊन आली. त्यावर चार चिंध्या बांधलेल्या. "बादली पाण्याला टेकली का काठावर दोराला चिंधी बांधायची. माझ्या सासूची रीत. वर्साला चार."

संपलं, चारही आकडे आता उघडे पडणार! साहेबांनी दोर जमिनीवर ताणून टेप लावला. पहिली चिंधी... रजिस्टर. दुसरी... रजिस्टर. चौथी – आठ मीटर बारा सेंटिमीटर!

"वा! सेंटिमीटरचाही फरक नाही," साहेब खूष. विहिरीच्या काठावरच सही केली. मी मात्र सोबत चालत आलेल्या ड्रायव्हरकडे बघत होतो. यानेच आकडे फोडले? पण रजिस्टर तर माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे.

साहेब परतीच्या वाटेला लागल्यावर रमीबाय हळूच मला म्हणाली, "तुमी आला नाय कवा, तरी लिवलं ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगंल कोण? तुमी खोल लिवता, मंग आमाला खोल ओढाया लागतं. म्होरच्या वर्साला जरा वर लिवा की!"

मी हसलो. पण डहाणू सोडायच्या आदल्या दिवशी, कोणी पाहत नाही हे बघून, पुढच्या मेच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं – २.००. भर उन्हाळ्यात दोन मीटर! वेडेपणाच.

पुढच्या जूनमध्ये माझ्या जागी आलेल्या सहकाऱ्याचं मला ऑस्ट्रेलियात, पर्थला पत्र आलं. 'बाकीच्या विहिरी कोरड्या, आणि या एकीत दोन मीटरवर पाणी. टेप बिघडला का रे?' मला लगेच वास आला! हाही चिकू खात बसला असणार, माझाच आकडा उतरवून. मी उलट लिहिलं, 'स्वतः गेला होतास?'

उत्तरादाखल पार्सल आलं. आत दोराचा तुकडा, एका टोकाला लाल चिंधी. सोबत चिठ्ठी: 'गेलो होतो. रमीबायनं हे तुलाच द्यायला सांगितलं. का, ते सांगेना.'

मी टेप लावला. दोन मीटर, बरोब्बर.

आजतागायत मला याचं उत्तर सापडलेलं नाही. योगायोग म्हणा, कोणीतरी केलेली थट्टा म्हणा. दोर माझ्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेला आहे. इथेही मी विहिरी आणि बोअरच मोजतो. सहकारी म्हणतात, हा माणूस चाळीस अंशांच्या उन्हातही प्रत्येक ठिकाणी स्वतः जातो, किती प्रामाणिक!

प्रामाणिक कसला... घाबरतो मी.