डिझेल अडलं तवाची मोट

आमच्या शिवारात डिझेल इंजिन पहिलं माझ्या विहिरीवर आलं. कोणी विचारलं नाय तरी मी हे सांगतो. निजामावर पोलीस ॲक्शन झाली तवा मी उर्दू शाळेत दुसरीत होतो. शाळा बंद पडली, ती माझ्यापुरती परत उघडलीच नाय. पण इंजिन खोलून जोडायला मला कोणाची शाळा लागली नाय.

इंजिनासाठी जोडीतला एक बैल विकला. विहिरीचं पाणी ओढायची चामड्याची मोट गोठ्याच्या आढ्याला टांगली. माझी कारभारीण मात्र दर पोळ्याला बैलाची पूजा झाली की मोट खाली उतरवायची, तिला करडईचं तेल चोळायची, कुंकू लावायची न् परत टांगायची.

"तिला आता म्हातारपणी कशाला न्हाऊ घालतीस?" मी म्हणायचो.

"तुमचं इंजिन अरबाच्या घरचं खातं. त्यानं ताट ओढून घेतलं म्हंजी?"

"अरब काय तुझा दीर लागतो, रुसायला?"

रुसला की! त्र्याहत्तर साली तिकडं लढाई झाली, तेल अडलं, भाव चढला. मी सायकलला डबा बांधून देवगावहून कन्नडच्या पंपावर जायचो न् तसाच रिकामा यायचो. पंपवाला म्हणायचा, उद्या बघू. इकडं गहू ओंबीवर आलेला. दाण्यात दूध भरायची वेळ. ते पाणी चुकलं असतं तर वर्षभराचं खाणं गेलं असतं, माझंही न् बांधाला बांध असलेल्या चाचांचंही. त्यांच्या गव्हाला माझ्याच विहिरीचं पाणी जायचं. त्यांच्याकडं बैल एकच उरला होता.

मी कोणाच्या दारात गेलो नाय. तो माझा स्वभावच नाय. सकाळी चाचाच बैल घेऊन विहिरीवर आले.

"क्या भाऊ, इंजन सो गया क्या? माझा बैल जागा हाय. सावड करू. जुंपा जोडीला. तुमच्या बैलाच्या हां, तुमच्या नाय!"

दोघांचा एकेक बैल मिळून जोडी करायची, दोघांची शेतं भिजवायची, ही सावड. पण मोट? शिवारातल्या बाकीच्या मोटा वाळून पापड झाल्या होत्या. आमची आढ्यावरून काढली तर हातात नव्या कातड्यासारखी मऊ वाकली. एवढ्या वर्षांच्या पोळ्याचं तेल तिच्या अंगात होतं. कारभारणीनं मोट चहूबाजूनं दाबून बघितली न् माझ्याकडं बघून मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला लई राग आला.

त्यातून दोन्ही बैल जुवाखाली डाव्या अंगाला चालायची सवय असलेले. उजवीकडं कोणी जाईना. शेवटी कारभारीण दोघांच्या पुढं कासरे धरून धावेवर, विहिरीकडच्या त्या उतारावर, चालू लागली, तवा मोट वर आली. मी मोटेवर, चाचा खाली वाफ्यांत पाणी फिरवायला. पाणी बांध ओलांडून त्यांच्या गव्हात शिरलं तवा ते खालूनच ओरडले, "वहिनी, इंजन से अच्छा चलाती तुम!"

गहू दोघांचाही भरला. नव्या गव्हाची पहिली पोळी तिनं चाचांच्या घरी धाडली. माझ्या ताटात दुसरी आली.

इंजिन घेतलं ते चुकलं, असं मी आजही म्हणत नाय. पुढं डिझेल आलं, इंजिनही लई वर्षं चाललं. आता विहिरीवर सोलरचा पंप हाय. शहरात नोकरी करणारी नात फोनवर वाचून दाखवते, तेलाची मागणी वाढणार, कोणी म्हणतं घटणार, भाव कुठं जाईल सांगता येत नाय. मी म्हणतो, ज्याचं तेल हाय त्यालाच माहीत.

चाचा आता नायत. कारभारणीचे गुडघे गेलेत. पोळ्याला ती दारात खुर्ची टाकून बसते न् मी मोट उतरवतो.

"शिवणीत बोट घाला, शिवणीत! नुसतं वरवर काय चोळता?"

"उन्हावर पंप चालतो आता. ऊन कोण अडवणार हाय?"

"चोळा."

मी चोळतो.