रिकाम्या खुर्च्यांची हजेरी

बखूर या अरबी धुपाचा धूर दरवळला की दुबईतल्या आमच्या विद्यापीठाचं सभागृह आठवतं. मला उत्कृष्ट प्राध्यापकाचा पुरस्कार मिळाला त्या संध्याकाळी, सगळे जेवायला गेल्यावर, बायको रिकाम्या व्यासपीठावर चढली. माझ्या नोकरीपायी तिने पुण्यातली शिक्षिकेची नोकरी सोडली होती. माइकवर टिचकी मारून ती म्हणाली, "शांत बसा, हजेरी घेतेय." मुलगी खिदळली, "मम्मा, यू आर सो स्ट्रिक्ट!" मी मात्र घड्याळ पाहत म्हणालो, "यल्ला, चल आता, शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकू." "आले हो, सर," म्हणत ती पदर सावरत खाली उतरली. आता ती नाही, आणि मला त्या रिकाम्या खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत बसून मोठ्याने म्हणावंसं वाटतं, "हजर, बाई."