जान-केन-पोन आणि आष्टीचा हापसा

नातीच्या जपानीच्या क्लासमधून परवा "जान-केन-पोन!" असं ऐकू आलं आणि माझ्या उजव्या हाताची आपोआप मूठ वळली.

दुष्काळानंतर आष्टीत नवा हापसा बसला, त्याच सुमारास आमच्या विहारात एक जपानी भंतेजी मुक्कामाला होते. हा खेळ आम्हा पोरींना त्यांनीच शिकवला. मूठ म्हणजे दगड, दोन बोटं म्हणजे कात्री, पंजा म्हणजे कागद.

हापशावर मात्र रांग ठरलेली होती. आधी गावातल्या पोरी, शेवटी आम्ही बौद्धांच्या. एका सकाळी मी पाटलाच्या सुमनची वाट अडवली.

"आज खेळून ठरवू. जिंकंल तिची घागर आधी."

"मला न्हाई येत तसलं."

"मंग शिक. जल्दी येतं."

ती शिकली. तिने मूठ काढली, मी पंजा. कागद दगडाला गुंडाळतो, म्हणून मी तिची मूठ माझ्या पंजात घट्ट धरली. गार, पितळी घागरीचा वास लागलेली. तोवर आमची घागर तिच्या घागरीला लागलेली चालत नव्हती. गावातल्या पोरी मागं सरकल्या. सुमनने मात्र हात सोडवून घेतला नाही.

"अजून एकदा खेळू," म्हणाली.

तेव्हा मला पहिला नंबर जिंकल्याचाच आनंद होता. आज पाणी आठवत नाही, ती मूठ आठवते.

नातीला करून दाखवलं तर ती हसली. "आजी, हात धरायचा नसतो. नुसता दाखवायचा."

"तुमच्या जपानात नसेल," मी म्हणाले. "आमच्या आष्टीत धरायचा."