शांती शेजाऱ्याला द्यायची

चर्चमध्ये रविवारच्या मिस्सात फादर "एकमेकांना शांती द्या" म्हणाले की मी सगळ्यांचे हात बघत बसते, जुनी खोडच आहे माझी. आमच्या वसईत शेजाऱ्याकडे वळायचं, हात जोडायचे, गोड हसायचं, झालं!

या रविवारी आमचे पुढारी आले होते. गाणी तोंडपाठ, गुडघे टेकणं अगदी वेळेवर. प्रवचनात मात्र फादर गरिबाच्या पोटापाण्याविषयी बोलू लागले, तेव्हा साहेब छताकडे बघत होते. बाजारातल्या त्यांच्या हापिसासमोर बसणाऱ्या भाजीवाल्यांना उठवायचं त्यांनीच ठरवलंय ना! मग शांतीची वेळ आली. साहेबांनी सवयीनं जोडलेले हात डोक्यावर नेले, अगदी सभेतल्यासारखे, आणि सगळ्या देवळाकडे बघत गोल फिरले.

शेजारी नेमकी नाताळबाई. वांगी-पडवळ विकणारी, म्हणजे उठायची पाळी तिचीच. ती म्हणाली, "बाबू, हात खाली घे. मतं नाय मागायची हितं. शांती शेजाऱ्याला देतात."

आम्ही बाकं धरून हसलो, वेदीपाशी फादरसुद्धा! अहो, अख्ख्या गावाला हात जोडणं सोपं असतं. शेजारच्या एका बाईला जोडायचे तर तिच्या डोळ्यांत बघावं लागतं.

साहेब लाजले, पण वळले हो. हात छातीशी आले. "शांती असो, मावशी."

"असो," नाताळबाई फुलून हसली. "उद्या बाजारातपण असो. तिथंपण आपण शेजारीच, तुझं हापिस आन् माझी टोपली."