हात गरम करून

औषधाच्या कारखान्यामागच्या लांबट खोलीत ससे सांभाळणाऱ्या माणसाला सगळे ससेमामा म्हणत. मामांची एक खोड होती. आत शिरण्याआधी दारावर टकटक करायची, "येतोय रे बाबांनो" म्हणायचं, तळहात घासून गरम करायचे, आणि मगच सशाला हात लावायचा. गार हातानं ससा दचकतो, आणि दचकलेला ससा लाथा झाडून आपलीच पाठ मोडून घेतो.

"मामा, सासुरवाडीच्या दारात तरी एवढं विचारलं होतंत का?" पहारेकरी चिडवायचा.

"विचारलं असतं तर आज सुटलो नसतो?"

मामांची लेक मात्र हसेनाशी झाली होती. कॉलेजात प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून वाद रंगला, ती विरोधात तावातावानं बोलली, आणि तेव्हापासून बापाशी कामापुरतंच बोलत होती. मोतीबिंदू काढल्यावर मामांच्या डोळ्यांत थेंब तीच घालायची, पण मुकाट. एका संध्याकाळी तिनं बाटली बोटांत फिरवली.

"हे आधी सशांच्या डोळ्यांत घातलं असेल ना?"

"असेल. मग मी काय आंधळा होऊ?"

"तसं नाही म्हणत. पण मायेनं दाणापाणी करायचं आणि चाचणी संपली की मारायला द्यायचं! त्यापेक्षा कसाई बरा, बाबा. तो स्वतःला मामा तरी म्हणवून घेत नाही."

मामांनी मान मागे टाकून डोळा उघडा धरला.

त्या महिन्यातली चाचणी संपली. औषध न देता नुसते तुलनेला ठेवलेले ससे ठणठणीत होते. असे ससे कुणी मागितले तर घरी द्यायचे, असा नियम नवाच झाला होता. मागायला मात्र कुणी फिरकलं नव्हतं. मामा चाचण्या बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंसमोर टोपी चुरगाळत उभे राहिले.

"न्या की, मामा. पण एका घरी एकच. कुठला?"

मामा ओळीपुढे गेले. हाताची ऊब ओळखून सगळ्यांची नाकं जाळीला लागली. एक उचलायचा म्हणजे बाकीच्यांकडे पाठ फिरवायची. शेवटी त्यांनी कोपऱ्यातला, कानफाटका, त्यांनाच दोनदा चावलेला तिरसट म्हातारा घेतला. "याला दुसरं कोण पदरात घेणार?"

घरी लेकीनं खोक्यात डोकावून बघितलं. मग म्हणाली, "बाकीचे?"

"मागणारा लागतो."

"मागणारे मी आणते. कॉलेजात नुसतं बोलून टाळ्या घेतेय, जरा कामाला लावते त्या टाळ्या." मग ती हळू म्हणाली, "पण बाबा, नवे येतीलच ना?"

"येतील. म्हणून तर मी कामावर जात राहणार. दार न वाजवता शिरणारा कुणी तिथं आला तर?"

तिचं म्हणणं बदललं नाही. मामांचंही नाही. पण खोक्यात हात घालता घालता ती थबकली. पुठ्ठ्यावर दोनदा टकटक केली, "येऊ का रे?" म्हणाली, तळहात खसाखसा घासले. म्हातारा दचकला नाही. चावला मात्र.

"आई गं!"

"झाली ओळख," मामा खुदकन हसले.

बोट चोखत तिनं थेंबांची बाटली उचलली. "हसू नको. वर बघ."

कपाळावर टेकलेला तिचा हात अजून गरमच होता.