दोन गाण्यांच्या मधलं

समजा, तुम्ही मिक्सरसमोर बसला आहात. स्वयंपाकघरातल्या नव्हे, आवाजाच्या. समोर पट्ट्यांची रांग आहे, एकेका माइकला एकेक. पट्टी पुढे ढकलली की तो माइक बोलू लागतो, मागे ओढली की त्याची वाचा बसते. तुमच्या कानांवर हेडफोन आहेत. गाणं संपतं. आता गिटारवाला तारा जुळवणार, कुणीतरी खोकणार, आणि उघडा राहिलेला गाण्याचा माइक स्पीकरमधून आलेला आवाज पुन्हा गिळून कानात सुई घुसावी तशी शिट्टी मारणार. तुम्ही काय कराल? पट्टी खाली ओढाल.

आमच्या कॉलेजच्या रेडिओचा तंत्रज्ञ वर्षानुवर्षं तेच करत आला होता. माइकची शिट्टी ऐकली की पायावर पाल पडल्यासारखा त्याचा चेहरा व्हायचा, म्हणून त्याचं नाव शिट्टीदादा पडलं. स्वतःची गाणी स्वतः रचणाऱ्या इथल्या बँडना आमच्याशिवाय कुणी विचारत नव्हतं. त्यांनी बोलावलं की शिट्टीदादा खोकी उचलून गॅरेजमध्ये, वाचनालयाच्या तळघरात, कुठेही जायचा. त्याने रेकॉर्ड करून आणलेलं आम्ही रविवारी रेडिओवर लावायचो.

त्याची आणखी एक पद्धत होती. मिक्सरमधून रेकॉर्डरला जाणारा आवाज दोन ठिकाणांहून घेता येतो, पट्टीच्या आधी किंवा पट्टीच्या नंतर. तो नंतर घ्यायचा. म्हणजे पट्टी खाली असेल तर सभागृहालाही ऐकू येत नाही आणि रेकॉर्डरलाही. मग कापाकापी करावी लागत नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, लोक रेडिओ गाण्यासाठी लावतात, बडबड ऐकायला घरी माणसं आहेत. त्याची बायको एकदा डबा द्यायला आली होती, तिने हे ऐकलं आणि आम्हाला म्हणाली, "घरीही मी तोंड उघडलं की यांची पट्टी खालीच असते." सगळे हसले. तोही हसला.

बंद पडलेल्या एका बेकरीच्या मागच्या खोलीत काडीच्या बँडचा कार्यक्रम होता. काडी म्हणजे गायिका. काडेपेटीतल्या काडीइतकी बारीक आणि तशीच पटकन पेटणारी. तिची आई बसच्या डेपोत तिकीटखिडकीवर होती, गाड्या सुटण्याच्या घोषणाही तीच करायची. गाण्यापायी काडीने दवाखान्यातली नोकरी सोडली तेव्हापासून मायलेकींचं बोलणं बंद होतं. काडी घर सोडून बँडमधल्या ढोलवाल्याच्या बहिणीकडे राहत होती.

बेकरीच्या भिंतींना खालपासून वरपर्यंत फरशा होत्या, आवाज चेंडूसारखा उसळत होता. शिट्टीदादा घामाघूम. गाणं संपलं की क्षणात पट्टी खाली. शेवटच्या गाण्याआधी काडी माइकमध्ये काहीतरी बोलू लागली आणि माइक मुका निघाला. तिने त्यावर टिचकी मारली, मिक्सरकडे बघून हात जोडले, आणि माइक सोडून सरळ पुढे येऊन लोकांशी बोलली. शिट्टीदादाने तिला बोलताना पाहिलं. ऐकलं मात्र नाही, कारण त्याचे कान हेडफोनमध्ये होते आणि हेडफोनमध्ये शांतता होती. स्वच्छ शांतता, त्याला आवडायची तशी.

पुढच्याच आठवड्यात काडीला ताप आला, तो मेंदूत गेला आणि ती गेली. तो कार्यक्रम शेवटचा ठरला. आम्ही तिची आठवण म्हणून तो पुन्हा लावला. गाण्यामागून गाणं, मध्ये श्वासभर टाळ्या.

काही दिवसांनी तिची आई स्टुडिओत आली. डेपोचा गणवेश अंगावर होता, ड्यूटी संपवून थेट आली असावी. बेकरीत हजर असलेल्या एका मुलीने खिडकीवर तिकीट घेताना तिला सांगितलं होतं की काडी त्या संध्याकाळी तिच्याबद्दल बोलली. काय बोलली, ते सांगण्याआधी त्या मुलीची बस आली.

"गाणी ऐकली मी," आई म्हणाली. "मला ते बोलणं ऐकायचंय, भाऊ."

शिट्टीदादाने तिला खुर्ची दिली आणि रेकॉर्डिंग उघडलं. तिथे काही नाही हे माहीत असूनही त्याने काडीच्या माइकचा भाग लावून पाहिला. पडद्यावर सरळ रेघ. उरला होता टाळ्यांसाठी खोलीच्या मागे टांगलेला, मिक्सरला न जोडता थेट रेकॉर्डरला जोडलेला माइक. तो भट्टीच्या जुन्या पंख्याजवळ होता. त्याने तो भाग शोधून आवाज वाढवला, पंखा घरघरू लागला. पंखा कमी केला की त्याच्याबरोबर काडीही कमी व्हायची, कारण तिचा खालचा आवाज आणि पंख्याची घरघर एकाच सुरातली होती. बराच वेळ खटपट करून त्याने हेडफोन आईच्या कानांना लावले.

घरघरीत एक आवाज वर चढतो, ठरावीक जागी थांबतो, शेवटी लांबतो. शब्द एकही लागत नाही. मग खोली खदाखदा हसते. हसणं ओसरतं. तोच आवाज आता सपाट, हळू, थोडा वेळ बोलतो. कुणी हसत नाही, खोकतही नाही. मग गाणं.

आईने ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकून म्हणाली, "ही माझी चाल आहे. मी गाडी सुटतेय म्हणून सांगते ना, ती." मग तिने हेडफोन काढले. "म्हणजे माझी नक्कल करून हसवलं लोकांना."

शिट्टीदादा म्हणाला, "ताई, नंतर कुणीच हसलं नाहीये."

"नंतर काय म्हणाली?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही, हेडफोनची वायर नीट गुंडाळून त्याच्यापुढे ठेवली आणि गेली. डेपोत आता घोषणा दुसरं कुणीतरी करतं. ती खिडकीच सांभाळते.

शिट्टीदादाने बँडवाल्यांना गाठलं. त्या संध्याकाळी ढोलवाल्याने कानात बोळे घातले होते. गिटारवाला तार जुळवत होता, त्याला फक्त हसणं आठवत होतं. पुढे बसलेल्यांपैकी एक म्हणाला, आईची माफी मागितली. दुसरी म्हणाली, छे, आता परत जाणार नाही असं म्हणाली. दोघंही शपथेवर सांगायला तयार होते. यातलं काहीच त्याने आईला कळवलं नाही.

आता तो पट्टी खाली ओढत नाही. आमच्या कार्यक्रमात खोकले येतात, खुर्च्या सरकतात, कधी शिट्टीही येते, आणि निवेदक कुरकुरतात. तो ऐकून घेतो. घरीही हल्ली तो बायकोकडे बघत बसतो म्हणे, ती बोलायची थांबली तरी.

आणि कुठल्याही कार्यक्रमात ओळखीचा चेहरा दिसला की खोकी खाली ठेवून तो तेवढंच विचारतो: तुम्ही बेकरीत होतात ना त्या दिवशी? हसून झाल्यावर ती काय म्हणाली?