अर्ध्या कांडीचा मार

सातपूरच्या त्या शेडात माझ्यासारखा घण मारणारा दुसरा माणूस नव्हता. आता खरं सांगायचं तर मेव्हणा कामाला लागेपर्यंत शेडात दुसरा माणूसच नव्हता.

मी शाळेचं तोंड बघितलं नाय. नात लिहून घेतीय, चुकलं तर तिचं. भूत, करणी असलं काय मी कधी मानलं नाय. देवाला हात जोडायचो ते पण बायको बघत असली तर. पण हे माझ्या अंगावर घडलंय... आन अंग अजून दुखतंय.

गोष्ट ऐंशी सालाच्या पुढची, उन्हाळ्यातली. आमच्या दगड तपासायच्या लॅबला चंद्रपूरकडनं ट्रकनं लाकडी पेट्या यायच्या. आत जमिनीत भोक पाडून काढलेल्या दगडाच्या कांड्या, उसाच्या असतात तशा गोल. तिकडं कोळशाची उघडी खाण काढायची व्हती. कोळशाच्या वरचा सगळा दगड आधी काढून बाजूला टाकावा लागतो. पावसात त्या दगडातनं आंबट पाणी सुटून शेतात जाईल का, हे तपासल्याबिगर परमिशन नाय. तपासायचं साहेबानं, फोडायचं मी.

कांडी ऐरणीवर धरायची, छिन्नीनं उभी चिरायची. एक अर्धी फोडून क्रशरमधी तिचं पीठ करायचं, दुसरी अर्धी जपून परत पेटीत. साहेबाचा नियम एकच — एक अर्धी पेटीत गेल्याबिगर दुसरीवर घण टाकायचा नाय. सरमिसळ नको म्हणून.

मेव्हणा म्हणजे किसन, येवल्याचा. पैठणी विणायचा. हाताला काम नव्हतं म्हणून उन्हाळ्यापुरता आमच्याकडं आला. निघताना सासूबाईनं मला बजावलं, "जावईबापू, पोराच्या बोटांना जपा. त्याची बोटं गेली तर आमची चूल पेटायची नाय."

मी छाती ठोकून म्हणलो, "माझी जातील, त्याची नाय जायची!"

जीभ काळी माझी.

त्या दिवशी जेवायची वेळ झालती. एक कांडी चिरली, तिच्या मधनं कोळशाची काळी रेघ गेलेली. एक अर्धी किसनला दिली, म्हणलो, "जा, ठेव पेटीत." तो ती छातीशी धरून शेडाच्या त्या टोकाला निघाला. मला भूक लागलेली. तो पेटीपर्यंत जाईस्तोवर कोण थांबतो? हाणला घण ऐरणीवरच्या दुसऱ्या अर्धीवर.

किसन तिकडं उताणा पडला.

उठला तो रक्त थुंकत. "दाजी, छातीत का मारलं?"

"अरे, मी हितं, तू तिथं! माझा हात हाय का मारुतीची शेपूट?"

त्याला काय हसू आलं नाय. आला तसा मला धरला आन धुतला. विणकराची बोटं नाजूक असतात म्हणणाऱ्यानं ती एकदा तोंडावर खाऊन बघावी! नाक फुटलं, एक दात गेला. मी खाली, तो वर, दोघांचं रक्त एकाच धुळीत. मी त्याचा शर्ट धरून ओढला तशी बटणं तुटली... आन आम्ही दोघं थांबलो. त्याच्या छातीवर काळानिळा वळ व्हता. चौकोनी. माझ्या घणाच्या तोंडाएवढा.

आता घाबरून पळावं की नाय? पण मला नको तवा अक्कल सुचती. म्हणलो, "आण ती अर्धी. मी छातीशी धरतो, तू ऐरणीवरच्या तुकड्यावर घण मार. पण हळू."

'हळू' त्यानं ऐकलंच नाय. राग व्हता ना माझ्यावर! घण पडला तिकडं ऐरणीवर आन बरगडी मोडली माझी. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज आला, तो पण आतनं. मी भुईवर. अर्धी कांडी लांब घरंगळली, तिच्यावर चरा पण नाय.

किसन रडायलाच लागला. "दाजी, चुकलो! नको आपल्याला ही, टाकतो पेटीत." दोन्ही हातांनी उचलली त्यानं. सगळी दाही बोटं तिच्यावर.

तेवढ्यात साहेब आला. "काय तमाशा लावलाय? माल कधी व्हायचा?" असं म्हणून ऐरणीजवळचे तुकडे त्यानंच फावड्यानं उचलले, क्रशरमधी टाकले आन बटण दाबलं.

मला ओरडायचं व्हतं. पण मोडक्या बरगडीत वारा कुठला? क्रशरचा पट्टा फिरायला लागला. किसन पेटीपाशी वाकलेला, बोटं अजून कांडीवर. मी गुरासारखा रांगत गेलो आन त्याच्या मनगटाला कडकडून चावलो. तोंडात रक्त आलं. त्यानं बोंब मारून हात सोडले, कांडी पडली ती माझ्या उजव्या हातावर.

आन क्रशरनं पहिला तुकडा खाल्ला.

कसं सांगू... हातात चामडी मोजा व्हता. त्याचा एक टाका उसवला नाय. पण आत हाडं फुटत व्हती ती मला ऐकू येत व्हती. साहेबानं बघितलं, पांढरा पडला, बटण बंद केलं. मोजा ओढून काढला तवा तीन बोटं मोज्यातच राहिली. त्यांचं पार पीठ झालतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणले, "मशीनमधी हात घातला का?" पण क्रशरमधी रक्ताचा थेंब नव्हता, साहेबानं स्वतः बॅटरी मारून बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं ती अर्धी लांब सांडशीनं उचलून पेटीत ठेवली, खिळे ठोकले आन ट्रकनं परत धाडली. पुढं त्या खाणीचं काय झालं, पेटी कुठं गेली, ठाव नाय. अजून कुठं पडली असंल, तर तिची दुसरी अर्धी कुणी फोडू नये म्हणजे झालं. ती तर फुटून गेलीय म्हणा... पण मला भरवसा वाटत नाय.

असं का झालं? तेव्हा पण कळलं नाय, आज पण नाय. साहेबाला विचारलं तर तो विषय बदलायचा.

किसन पुढं लय वर्षं पैठण्या विणत व्हता. दाही बोटांनी. मनगटावर माझे दात व्हते तेवढे उठलेले. पाव्हणे आले की मी माझा हात पुढं करून सांगतो, "मेव्हण्याची बोटं मी वाचवली!"

बायको चुलीपुढनं मान पण वळवत नाय. म्हणती, "वाचवली म्हणं! त्याला पेटीपर्यंत जाऊ दिलं असतं, तर भाकर काय पळून जात व्हती?"